मनातली खोली : सिएनाची संत कॅथरिन



दरवर्षी २९ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा सिएनाच्या संत कॅथरिनचा सण साजरा करते. तिच्याविषयी आपल्याला बहुधा एवढेच ठाऊक असते की तिने पोपमहोदयांना फ्रान्समधील आविन्यों शहरातून रोमला परत येण्याची गळ घातली. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे, वडिलांच्या घरी भांडी घासता घासता तिने आणखी एक काम केले होते. तिने आपल्या मनात एक खोली बांधली होती. आज आम्ही त्या खोलीविषयीच लिहिणार आहोत.

याला कारण आहे. आपण सगळेच एक तक्रार करत असतो. प्रार्थनेला बसावे तर घरात जागा नाही. जागा असली तर वेळ नाही. वेळ मिळाला तर शांतता नाही. पहाटे उठून डबे भरायचे, गाडी पकडायची, गर्दीत उभे राहून कामावर जायचे, संध्याकाळी तशाच गर्दीतून परतायचे. घरी आल्यावर टीव्ही चालू असतो, हातात मोबाईल असतो, मुलांचा अभ्यास असतो, म्हाताऱ्या माणसांची औषधे असतात. रविवारी देवळात येतो तेव्हाही मिस्सा संपताच कोणती ना कोणती मीटिंग वाट पाहत असते. मग आपण स्वतःची समजूत घालतो की मौन आणि एकांत हे मठातल्या धर्मभगिनींचे काम, आपण प्रापंचिक माणसे, आपल्याला ते कसे जमणार?

कॅथरिन मठात राहणारी धर्मभगिनी नव्हती. ती माणसांनी भरलेल्या घरात वाढली, आणि आयुष्याचा उत्तरार्ध तिने रस्त्यावर, इस्पितळात, तुरुंगात आणि राजदरबारी घालवला. म्हणूनच तिचे चरित्र आपल्यासारख्यांनी वाचण्यासारखे आहे.

रंगाऱ्याच्या घरची मुलगी

कॅथरिनचा जन्म १३४७ साली इटलीतील सिएना शहरात झाला. वडील याकोपो बेनिनकासा हे कापड रंगवण्याचा व्यवसाय करणारे सुखवस्तू रंगारी होते. फाँतेब्रांदा नावाच्या झऱ्याजवळ रंगाऱ्यांची वस्ती होती, तिथेच त्यांचे घर होते. घराच्या वरच्या अंगाला टेकडीवर संत डॉमनिकचे मोठे देऊळ होते. आई लापा कष्टाळू, तोंडाने फटकळ आणि मुलांवर जीव टाकणारी बाई. तिला २५ मुले झाली, त्यांतली निम्मीअधिक लहानपणीच गेली. कॅथरिन ही शेवटच्या मुलांपैकी एक. तिच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जगली नाही. कॅथरिन एक वर्षाची होते न होते तोच १३४८ साली प्लेगची भयंकर साथ आली आणि सिएनाचे कितीतरी लोक तिने गिळले. अशा काळात आणि अशा भरल्या घरात ही मुलगी वाढली.

ती सहा वर्षांची असताना भाऊ स्तेफानोबरोबर थोरल्या बहिणीच्या घरून परत येत होती. वाटेत संत डॉमनिकच्या देवळावर आकाशात तिला प्रभू येशूचे दर्शन घडले. भाऊ पुढे गेला आणि ही तिथेच उभी. त्याने हात धरून ओढले तेव्हा ती भानावर आली. त्या दिवसापासून घराच्या कोपऱ्यात एकटे बसून प्रार्थना करण्याचा तिला छंद लागला. सातव्या वर्षी तिने मनोमन आपले आयुष्य प्रभूला देऊन टाकले. घरात कोणालाही तिने हे सांगितले नाही.

खोली काढून घेतली

त्या काळी मुलगी बारा वर्षांची झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होत. लापाने कॅथरिनला नटायला, केस रंगवायला शिकवायचे ठरवले. थोरली विवाहित बहीण बोनाव्हेंतुरा कॅथरिनची लाडकी होती. तिच्या शब्दाखातर कॅथरिन काही दिवस नटलीही. पण १३६२ साली बोनाव्हेंतुरा बाळंतपणात दगावली. पंधरा वर्षांच्या कॅथरिनला फार मोठा धक्का बसला. आता आपण लग्न करायचे नाही, हा तिचा निश्चय पक्का झाला.

घरच्यांचा निश्चयही तितकाच पक्का होता. त्यांनी फादर तोम्मासो या डॉमनिकन धर्मगुरूंना तिची समजूत घालायला सांगितले. फादर तोम्मासो लहानपणी प्लेगमध्ये पोरके झाले होते आणि याच घरात लहानाचे मोठे झाले होते. त्यांनी मुलीचे मन ओळखले. तुझा निर्धार खरा असेल तर केस कापून टाक, म्हणजे घरचे काय ते समजतील, असा सल्ला त्यांनी दिला. कॅथरिनने लगेच कात्री घेतली. तिच्या सुंदर केसांचा लापाला मोठा अभिमान होता. डोक्यावरचा रुमाल ओढून पाहिल्यावर तिने केलेला आकांत सगळ्या आळीने ऐकला असेल.

घरच्यांनी शिक्षा ठरवली. घरातली मोलकरीण काढून टाकली आणि तिची सगळी कामे कॅथरिनवर घातली. स्वयंपाक, धुणी, झाडलोट, वाढणे, उष्टी काढणे. तिची स्वतःची झोपण्याची खोली काढून घेतली, म्हणजे दार लावून प्रार्थना करायला तिला जागाच उरू नये. या मुलीचे वेड एकांतात वाढते, तेव्हा एकांतच मिळू द्यायचा नाही, असा सरळ हिशेब होता.

इथे आपण क्षणभर थांबू या. आपल्याला एकांत मिळत नाही तो परिस्थितीमुळे. कॅथरिनचा एकांत तर तिच्या प्रेमाच्या माणसांनी ठरवून हिरावून घेतला होता. तिने काय केले? भांडण केले नाही. रुसून बसली नाही. तिने मनात एक खोली बांधली आणि ठरवले की या खोलीतून आपण बाहेर यायचेच नाही, मग हात काहीही काम करोत. हे तिने साधले कसे, तेही तिने पुढे आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सांगितले. वडिलांना वाढताना ती मनात धरायची की आपण प्रभू येशूला वाढत आहोत. आईच्या ठिकाणी ती पवित्र मरियेला पाहायची आणि भावांच्या ठिकाणी प्रेषितांना. अशा रीतीने नाझरेथच्या घरात वावरावे तशी ती स्वयंपाकघरात वावरू लागली. जे काम शिक्षा म्हणून दिले होते, तेच तिची प्रार्थना झाले. जिन्यावरून भरभर वरखाली करणारी ही मुलगी इतकी आनंदी कशी, याचे घरच्यांना नवल वाटू लागले.

शेवटी वडीलच विरघळले. ती भावाच्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करत असताना याकोपो अचानक आत गेले, तेव्हा त्यांना तिच्या डोक्यावर एक पांढरे कबुतर दिसले, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. त्यांनी घरातल्या सर्वांना ताकीद दिली की यापुढे कोणीही हिला त्रास द्यायचा नाही, हिला हवी तशी प्रार्थना करू द्यायची. त्यांनी तिला घरातलीच एक लहानशी खोली दिली. या साध्या रंगाऱ्याचे नाव आपण फारसे घेत नाही. आम्हांला मात्र वाटते की घरातल्या एका माणसाच्या मौनाला ज्याने संरक्षण दिले, त्याचाही या संतपदात वाटा आहे.

तीन वर्षांचे मौन

सिएनामध्ये त्या वेळी मांतेल्लाते नावाचा स्त्रियांचा एक समूह होता. संत डॉमनिकच्या संघाशी जोडलेल्या या बहुतेक विधवा बायका. पांढरा झगा आणि त्यावर काळा अंगरखा घालून त्या आपापल्या घरी राहत, प्रार्थना करत आणि गरिबांची, आजाऱ्यांची सेवा करत. तरुण अविवाहित मुलीला घ्यायला त्या तयार नव्हत्या. कॅथरिनने चिकाटी सोडली नाही आणि अखेर त्यांनी तिला घेतले. अशा रीतीने ती संघाचा पोशाख घालूनही आपल्या घरीच राहिली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे ती आपल्या लहान खोलीत राहिली. मिस्सासाठी टेकडीवरच्या देवळात जायचे आणि परत यायचे. पापनिवेदनाखेरीज कोणाशी बोलायचे नाही. वाचायलाही ती याच काळात शिकली, कारण तिला दैनंदिन प्रार्थनेतील स्तोत्रे म्हणायची होती.

मौन म्हणजे लगेच शांती, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कॅथरिनची ही तीन वर्षे नीट पाहावीत. बाहेरचा आवाज बंद झाला तेव्हा आतला आवाज वाढला. घाणेरडे विचार, भीती, आपण हे सारे उगाच करतो आहोत अशी शंका, यांनी तिला घेरले. पुष्कळ दिवस तिला प्रभूचे सान्निध्य जाणवलेच नाही. वादळ शमल्यावर तिने प्रभूला विचारले की इतके दिवस तू कुठे होतास. प्रभूने तिला उमजवले की तो तिच्या अंतःकरणातच होता. त्या विचारांचा तिला आनंद वाटत होता की दुःख? दुःख वाटत होते, आणि ते दुःख वाटायला लावणारा तोच होता.

आपणही कधी पाच मिनिटे डोळे मिटून बसलो की मनात बाजार भरतो. थकलेले हप्ते, शेजाऱ्याचे शब्द, जुनी भांडणे. मग आपण म्हणतो की आपल्याला ध्यान जमत नाही, आणि उठतो. कॅथरिनचा अनुभव सांगतो की तो बाजार दिसणे हे अपयश नव्हे. तो आधीपासूनच तिथे होता, गडबडीत आपल्याला ऐकू येत नव्हता इतकेच.

दार उघडून बाहेर

१३६८ साल उजाडले. कॅथरिन एकवीस वर्षांची झाली होती. एकांत आता तिला गोड वाटू लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी प्रभूने तिला खोलीबाहेर जायला सांगितले. जेवणाची वेळ झाली होती, घरचे लोक पानावर बसत होते. तू जा आणि त्यांच्यात जाऊन बस, असा आदेश होता. कॅथरिन रडली. आपल्या हातून काही चुकले म्हणून प्रभू आपल्याला दूर लोटत आहे, असे तिला वाटले. तेव्हा तिला समजावण्यात आले की देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती हे दोन पाय आहेत, एका पायावर कोणी चालू शकत नाही.

ती उठली आणि घरच्यांच्या पंगतीला जाऊन बसली. तिच्या आयुष्याला वळण मिळाले ते या जेवणाच्या वेळी.

त्याच वर्षी वडील वारले. कॅथरिन सिएनाच्या सांता मारिया देल्ला स्काला या मोठ्या इस्पितळात जाऊ लागली. तेक्का नावाच्या एका महारोगी बाईजवळ कोणी जात नसे. कॅथरिन रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जायची. ती बाई तिला शिव्या घालायची, देवळातून यायला उशीर का झाला म्हणून टोमणे मारायची. लेकीला हा रोग लागेल म्हणून लापा रडायची. कॅथरिन जात राहिली, आणि ती बाई मेली तेव्हा तिने स्वतःच्या हातांनी तिला पुरले. १३७४ साली सिएनात पुन्हा प्लेग आला. बेनिनकासांच्या घरातली लहान मुलेही त्यात गेली. कॅथरिन रात्रंदिवस आजाऱ्यांत फिरत होती. याच सुमारास कापुआचे फादर रेमंड तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. त्यांनाही साथीने गाठले आणि ते तिच्या प्रार्थनेने वाचले. पुढे त्यांनीच तिचे चरित्र लिहिले, म्हणून आज आपल्याला इतके तपशील ठाऊक आहेत.

गर्दीतला एकांत

१३७५ सालची एक घटना अंगावर काटा आणणारी आहे. पेरूजाचा निकोलो नावाचा एक तरुण सिएनाच्या सरकारविरुद्ध बोलला म्हणून त्याला मृत्युदंड झाला. तो संतापाने वेडापिसा झाला होता, देवाचे नाव घ्यायला तयार नव्हता. कॅथरिन तुरुंगात त्याच्याकडे गेली. तो शांत झाला, त्याने पापनिवेदन केले, पवित्र कम्युनियन घेतले. त्याची एकच मागणी होती, शेवटच्या क्षणी तिने जवळ असावे. ती वधस्तंभापाशी त्याच्या आधी जाऊन थांबली. जिथे त्याचे डोके ठेवले जाणार होते, त्या ठोकळ्यावर तिने आधी स्वतःची मान ठेवून प्रार्थना केली. तो आला, तिला पाहून हसला. त्याचे शिर तिच्या हातांत पडले. नंतर फादर रेमंडना लिहिलेल्या पत्रात तिने कळवले की तिथे पुष्कळ लोक जमले होते, पण तिला एकही माणूस दिसला नाही.

बंधुभगिनींनो, चौकात जमलेल्या कोलाहलात जिला एका मरणाऱ्या माणसाखेरीज आणि देवाखेरीज कोणी दिसत नाही, ती कोणत्या खोलीत बसली होती? ती स्वयंपाकघरात बांधलेल्या त्याच खोलीत होती. तिथे मौनाची सवय झाली नसती, तर त्या दिवशी तिने काय पाहिले असते? आपण पाहतो तेच पाहिले असते, म्हणजे तमाशा.

पुढल्या वर्षी, जून १३७६ मध्ये, फ्लॉरेन्स शहर आणि पोपमहोदय यांच्यात समेट घडवण्यासाठी ती आविन्योंला गेली. १३०९ पासून पोपमहोदय तिथे राहत होते. समेट काही झाला नाही. ज्यांच्यासाठी ती गेली होती, त्या फ्लॉरेन्सच्या वकिलांनीच तिला बाजूला सारले. परंतु पोप अकरावे ग्रेगरी यांच्या मनात रोमला परतण्याचा जो विचार होता आणि जो दरबारी लोकांच्या भीतीने मागे पडत होता, त्याला तिने धीर दिला. १३ सप्टेंबर १३७६ रोजी ते निघाले आणि १७ जानेवारी १३७७ रोजी रोममध्ये पोहोचले. एका रंगाऱ्याची, फारसे न शिकलेली, एकोणतीस वर्षांची मुलगी पोपमहोदयांशी इतक्या निर्भयपणे बोलली, कारण बोलण्याआधी ती बरीच वर्षे ऐकत राहिली होती.

विहिरीची माती आणि पाणी

तिची सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. पोपमहोदय, राजे, राण्या, भाडोत्री सैन्याचा सेनापती, कैदी, वेश्या, घरगुती बायका, मठवासी, सगळ्यांना तिने लिहिले. ती तोंडाने सांगायची आणि तिचे तरुण शिष्य लिहून घ्यायचे, कधी कधी एकाच वेळी दोघेतिघे. या पत्रांत मनातल्या खोलीचा उल्लेख वारंवार येतो.

फादर रेमंडवर कामाचा बोजा फार होता. प्रवास, उपदेश, पापनिवेदने. कामाच्या रगाड्यात त्यांना दम घ्यायला फुरसत नसे. कॅथरिन त्यांना सांगायची की मनात एक खोली बांधा आणि तिच्यातून कधीही बाहेर येऊ नका. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की तेव्हा या बोलण्याचा अर्थ त्यांना नीट कळला नव्हता, तो पुढे अनुभवाने कळला. एवढ्या विद्वान धर्मगुरूलाही वेळ लागला, मग आपल्याला लागला तर वाईट वाटून घेऊ नये.

या खोलीत करायचे काय? कॅथरिनच्या मते तिथे दोन गोष्टी कळतात. एक, आपण स्वतःहून काहीच नाही. दुसरी, तरीही देवाने आपल्यावर अपार प्रेम केले आहे. ती विहिरीचे उदाहरण देते. विहीर खणताना आधी माती लागते. ती माती म्हणजे आपला दुबळेपणा. मातीपाशीच थांबलो तर निराशा येते. खणत राहिलो तर खाली जिवंत पाणी लागते, ती देवाची दया. म्हणून या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करायच्या नाहीत. नुसता आपला दुबळेपणा पाहणारा खचतो आणि नुसती देवाची दया पाहणारा गर्विष्ठ होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. कॅथरिनने आपल्या शरीराला फार कठोर वागवले. अन्न जवळजवळ सोडले, झोप अगदी थोडी घेतली. त्याचा तिच्या प्रकृतीवर घोर परिणाम झाला. हे आपण अनुकरण करण्यासारखे नाही. ती स्वतःही इतरांना सांगायची की उपासतापास हे साधन आहे, साध्य नव्हे, आणि प्रकृती साथ देत नसेल तर ते सोडून द्यावेत. सोडायची नाही ती खोली आणि प्रीती.

वन सोडायला तयार नसलेला साधू

१३७८ साली पोप अकरावे ग्रेगरी वारले. सहावे अर्बन हे नवे पोप झाले. त्यांच्या कडक स्वभावामुळे नाराज झालेल्या कार्डिनलांनी काही महिन्यांतच दुसरा पोप निवडला. ख्रिस्तसभा दुभंगली. अर्बन यांनी कॅथरिनला रोमला बोलावले आणि ती त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे पोहोचली. या संकटात देवाच्या माणसांनी पोपमहोदयांच्या पाठीशी उभे राहावे म्हणून तिने ठिकठिकाणच्या साधुपुरुषांना बोलावणी पाठवली.

सिएनाजवळ लेचेतोच्या वनात विल्यम फ्लीट नावाचे एक इंग्रज साधू राहत होते. ते कॅथरिनचे जुने स्नेही आणि मोठे तपस्वी होते. त्यांना वन सोडवेना. रोमच्या गोंगाटात आपली शांती जाईल, असे त्यांना वाटले. कॅथरिनने त्यांना खरमरीत पत्र लिहिले. देव काय फक्त वनातच राहतो, रोममध्ये राहत नाही? जागा बदलली म्हणून जी शांती हरवते, ती देवाची शांती की झाडांची? असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. फ्लीट आले नाहीत. त्यांनी कॅथरिनवरचा लोभही सोडला नाही आणि तिच्या मृत्यूनंतर तिचे मोठे गुणगान केले. तरी या प्रसंगातून कॅथरिनच्या मनातला एकांत आपल्याला स्पष्ट कळतो. एकांत हेही एक सुख होऊ शकते आणि त्या सुखाला आपण चिकटू शकतो. घरात कोणी आजारी असताना दार लावून रोझरी म्हणत बसणाऱ्याला कॅथरिनने नक्कीच दार उघडायला लावले असते.

शेवटचे दिवस

१३८० साल आले तेव्हा ती तेहतीस वर्षांची होत होती. अंगात शक्ती उरली नव्हती, घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता. तरी प्रायश्चित्तकाळात ती रोज सकाळी मिस्सा झाल्यावर चालत संत पेत्राच्या देवळात जायची आणि संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तिथे ख्रिस्तसभेसाठी गुडघे टेकून राहायची. अखेर पाय चालेनात. आठ आठवडे ती फळीच्या बिछान्यावर पडून होती. म्हातारी लापा जवळ होती. नवरा गेल्यावर लापानेही लेकीसारखाच मांतेल्लातेंचा पोशाख घेतला होता. ज्या आईने एकेकाळी लेकीची खोली काढून घेतली होती, तिच्याकडे लेकीने शेवटी आशीर्वाद मागितला. २९ एप्रिल १३८० रोजी, रविवारी, कॅथरिन देवाघरी गेली.

तिने डोळे मिटले तेव्हा ख्रिस्तसभा दुभंगलेलीच होती. ही फूट १४१७ सालापर्यंत मिटली नाही. म्हणजे जगाच्या हिशेबाने तिचे शेवटचे मोठे काम फसले. मौनात प्रार्थना करणाऱ्याची सगळी कामे यशस्वी होतात, असे वचन प्रभूने कोणालाही दिलेले नाही. काम फसत असतानाही प्रीती टिकून राहते, एवढेच कॅथरिनच्या मरणातून दिसते, आणि ते थोडे नाही.

१४६१ साली पोप दुसरे पायस यांनी तिला संतपद बहाल केले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या पहिल्या दोन स्त्रिया म्हणजे आविलाची संत तेरेजा आणि सिएनाची संत कॅथरिन. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला युरोपची सहआश्रयदात्री केले. सिएनाचे ते रंगाऱ्याचे घर आज तीर्थस्थान आहे.

आपण काय करू शकतो?

आम्हांला ठाऊक आहे की आपल्या घरात वेगळी खोली निघणार नाही. परंतु काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घेण्याआधी पाच मिनिटे काही न बोलता, काही न मागता प्रभूसमोर बसावे. मनात बाजार भरला तर भरू द्यावा, आपण मात्र उठू नये. प्रभू येशूही पहाटे, लोक शोधत यायच्या आत, एकांतात प्रार्थनेला जात असे. रविवारी मिस्साला दहा मिनिटे आधी येऊन देवळात गप्प बसावे. आपल्या देवळाबाहेरच्या गप्पा मिस्सानंतरही होऊ शकतात.

रोजचे एक काम निवडावे. भांडी घासणे, कपडे वाळत घालणे, गाडीतला प्रवास. तेवढा वेळ कानात काही न घालता ते काम करावे. ज्याच्यासाठी करतो, त्याच्या ठिकाणी कॅथरिनप्रमाणे प्रभूला, पवित्र मरियेला पाहावे. सासूबाईंच्या ठिकाणी पवित्र मरियेला पाहणे काहींना अवघड जाईल. लापाही काही सोपी नव्हती!

आणि शेवटची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. घरातले कोणी, मग ते लहान मूल का असेना, प्रार्थनेत बसलेले दिसले तर त्याला हाक मारू नका. टीव्हीचा आवाज कमी करा. याकोपोने दिली तशी ताकीद घरात एकदा देऊन टाका. मात्र पानावर बसायची वेळ झाली की प्रार्थना करणाऱ्यानेही उठून सर्वांबरोबर जेवायला यावे.

सिएनाच्या संत कॅथरिन, आमच्या गजबजलेल्या घरांसाठी विनंती कर.